पाणी तिथे मुक्काम

नाशिक सोडून मुंबई-आग्रा महामार्गाने मालेगावकडे निघालं की तासा-दीड तासात चांदवड येतं. कांद्याच्या ट्रॉल्या, टोलनाका, चहा-मिसळीची हॉटेलं आणि त्यांच्यामागे उभे असलेले उघडेबोडके डोंगर एवढं डोळ्यांत भरेपर्यंत गाडी राहुड घाटाला लागलेली असते. बहुतेकांची चांदवडशी ओळख इथेच संपते. ज्यांनी या डोंगरांत रात्र काढली आहे, त्यांच्या बोलण्यात मात्र खोलीचं भाडं, पलंग, टीव्ही यांतलं काही नसतं. ते सांगतात ते टाक्यातल्या गार पाण्याबद्दल, गुहेबद्दल आणि कुणाच्या तरी ओसरीवर वाढलेल्या बाजरीच्या भाकरीबद्दल.

थंड हवेच्या ठिकाणाची कल्पना डोक्यात ठेवून इथे आलेला पाहुणा पहिल्याच दिवशी गोंधळतो. महाबळेश्वर-माथेरानसारखी दाट झाडी इथे नाही, धुक्यात हरवलेली बाजारपेठही नाही. सातमाळा रांग पश्चिमेला अचला-अहिवंतापासून निघते आणि सप्तशृंगी, धोडप, राजदेहेर, इंद्राई, चांदवड असे गड ओवत मनमाडजवळच्या अंकाई-टंकाईपर्यंत येते. ती जसजशी पूर्वेला सरकते तसा पाऊस आटतो. चांदवड पर्जन्यछायेतलं. पावसाळ्यानंतरचे थोडे महिने डोंगर हिरवे, मग गवत पिवळं पडतं आणि कातळ उघडा होतो. म्हणून इथे मुक्कामाची जागा ठरवताना नजाऱ्याआधी पाणी बघितलं जातं. हा नियम आजचा नाही.

राजदेहेर आणि इंद्राई हे दोन गड बघितले की तो ध्यानात येतो. दोन्हींच्या माथ्याखाली कातळात खोदलेल्या गुहा आहेत आणि गुहांच्या आसपास पाण्याची टाकी. पावसाचं पाणी खडकात साठवून वर्षभर पुरवायचं, आणि जिथे ते साठतं तिथेच माणसांनी राहायचं. शिबंदी याच हिशेबाने राहिली आणि आजचे दुर्गभटकेही त्याच गुहांत पथारी पसरतात. इंद्राईच्या वाटेवर कातळात फारसी शिलालेख आहे. शहाजहानच्या काळात, 1636 मध्ये, अलावर्दीखानाने या भागातले किल्ले जिंकले, त्याची ती नोंद. राजदेहेरची गोष्ट आणखी पुढची. एप्रिल 1818 मध्ये कर्नल मॅकडॉवेलची इंग्रजी फौज त्यावर चालून आली, गडावर आग भडकली आणि शिबंदीने गड सोडला. नंतर इंग्रजांनी नाशिक भागातल्या अनेक गडांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या. आज राजदेहेरवर जाताना मध्येच लोखंडी शिडी चढावी लागते. पाठीवर अंथरूण, हातात पाण्याचा कॅन घेऊन ती शिडी चढलेला माणूस त्या गुहेला पुढे कधी नावं ठेवत नाही.

गुहेतला मुक्काम म्हणजे काय, हे धोडपवर नीट कळतं. चांदवड तालुक्यातल्या हट्टी गावातून चढायला सुरुवात करायची. गडाची उंची 1,472 मीटर. माथ्याची शेंडी शिवलिंगासारखी वर आलेली, आणि तिला लागून लाव्हाची एक सरळसोट भिंत लांबवर गेलेली. या भिंतीला मध्येच एक मोठी खाच आहे. शेंडीच्या पोटात देवीची गुहा आहे आणि जवळच पिण्याच्या पाण्याचं टाकं. गुहेत पंधरा-वीस माणसं सहज झोपतील. जमीन समतल नाही, त्यामुळे आधी पोहोचलेला गट आतली सपाट जागा धरतो आणि उशिरा आलेल्यांच्या वाट्याला तोंडाजवळचा वारा येतो. डिसेंबरात हा वारा रात्रभर झोपू देत नाही. तीन दगडांची चूल, मुगाच्या खिचडीचा टोप, धुराने चुरचुरणारे डोळे आणि उरलेलं अन्न हुंगत आलेली माकडं, हा तिथला नेहमीचा पाहुणचार. सकाळी मात्र पश्चिमेला रवळ्या-जवळ्या, मार्कंड्या, सप्तशृंगी आणि पूर्वेला कांचना, राजदेहेर, इंद्राई अशी अख्खी रांग एका दमात दिसते. याच धोडपवर 1768 मध्ये माधवराव पेशव्यांनी राघोबादादांचा पराभव केला आणि त्यांना पुण्याला नेऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं.

ज्यांना गुहा नको, त्यांच्यासाठी खाली चांदवड आहे, आणि हे गाव मुळातच वाटसरूंचं. उत्तरेकडून दख्खनेत उतरणारा रस्ता इथल्या खिंडीतून जातो. होळकरांच्या काळात गावाला वैभव आलं. चांदवडच्या टांकसाळीतला चांदवडी रुपया दूरवर चालायचा. अहिल्याबाईंच्या काळातला रंगमहाल आजही उभा आहे. कोरीव लाकडी खांब, भिंतींवरची चित्रं आणि आवारातली बारव बघितली की मोठा लवाजमा घेऊन येणाऱ्यांची सोय कशी लावत असतील याचा अंदाज येतो. काशीपासून सोमनाथपर्यंत विहिरी, घाट आणि धर्मशाळा बांधणाऱ्या अहिल्याबाईंनी इथलं रेणुकामातेचं मंदिरही सावरलं. नवरात्रात त्या डोंगरावर गर्दी उसळते आणि गावातला प्रत्येक लॉज भरतो. डोंगरातल्या जैन लेण्यांमुळे जैन यात्रेकरूंचीही वर्दळ असते.

तिसरा मार्ग गावातल्या घरांचा. हट्टी, राजदेहेरवाडी यांसारख्या पायथ्याच्या वस्त्यांत पाटी लावलेलं हॉटेल शोधू नये. ओळखीने किंवा वाटाड्यामार्फत घर ठरतं. ओसरीवर सतरंजी, वर पत्रे, अंगणात शेळ्या. जेवायला पिठलं, भाकरी, ठेचा, हिवाळ्यात शेतातल्या ताज्या कांद्याची पात. कोंबडी हवी असेल तर सकाळीच सांगावं लागतं. इथे पाहुण्याच्या सुखाला एकच अडचण येते, तीही पाण्याचीच. फेब्रुवारीनंतर विहिरी खाली जातात. घरातली बाई लांबून हंडे आणते आणि दहा जणांचा गट सकाळी आंघोळीला दहा बादल्या मागतो. वाईट अनुभवांची बहुतेक मुळं इथे असतात. पाहुण्याला वाटतं सोय नाही, यजमानाला वाटतं यांना समज नाही. स्वच्छतागृहाचंही तेच. शहरी कुटुंब पहिला प्रश्न त्याचाच विचारतं, आणि तो रास्त आहे.

हे गणित जगात इतरत्र सुटलेलं आहे. नेपाळमध्ये गिर्यारोहकांच्या वाटांवर चहाघरं असतात. तिथे खोलीचं भाडं नाममात्र, पण जेवण त्याच घरी घ्यायचं असा रिवाज. यजमानाची कमाई जेवणावर. गरम पाण्याचे पैसे वेगळे, त्यामुळे ते कुणी सांडत नाही. महाराष्ट्रातही वाटा आहेत. पर्यटन विकास महामंडळाची निवास व न्याहारी योजना जुनी आहे आणि 2020 मध्ये राज्याने कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. द्राक्ष, डाळिंब आणि कांदा पिकवणाऱ्या चांदवडच्या शेतकऱ्याला या दोन्हींचा उपयोग करता येईल.

त्याची गरज वाढतही आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात नाशिक जिल्ह्यातला साल्हेर आहे. साल्हेरला येणारा माणूस एक दिवस वाढवून सातमाळेकडे वळणारच. तेव्हा त्याला राहायला डोंगर पोखरून बांधलेली रिसॉर्टं हवीत, की पायथ्याच्या गावांत चार-दोन नीटनेटक्या खोल्या, स्वच्छ संडास आणि पाण्याची भरवशाची टाकी? चांदवडच्या पाण्याचा ताळेबंद बघता दुसराच पर्याय परवडणारा आहे.

जायचं असेल तर ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ निवडावा. रेल्वेने येणाऱ्यांना मनमाड सोयीचं, तिथून चांदवड साधारण 25 किलोमीटर. गावात जेवण हवं असेल तर आदल्या दिवशी कळवावं आणि माणसांचा आकडा खरा सांगावा. गडावरच्या टाक्यात भांडी किंवा हातपाय धुऊ नयेत, पाणी काढून बाजूला घ्यावं. ते पिण्याचं आहे. आणलेलं प्लास्टिक परत न्यावं. आणि ज्या घरी उतराल तिथे पैसे हातात द्यावेत, आग्रह करून. संकोचाने नाही म्हणतील, तरी द्यावेत.