गालाचं ठिगळ

जेवताना गाल दाताखाली येतो, जीव कळवळतो आणि चार दिवसांनी जखम कुठे होती तेही आठवत नाही. गालाच्या आतल्या अस्तराचा हा गुण शल्यविशारदांनी केव्हाच हेरला. सतत ओलं राहायची सवय, भरपूर रक्तपुरवठा, जंतूंशी रोजचीच गाठ. मूत्रमार्गाला ठिगळ लावायला याहून सोयीचं कापड शरीरात मिळणं अवघडच.

पुरुषाचा मूत्रमार्ग १८ ते २० सेंटिमीटर लांब, बाईचा जेमतेम ४. एवढीशी नळी काय अरुंद होणार? प्रकार दुर्मीळ आहे खरा, पण होतो. बाळंतपणातली इजा, ओटीपोटाच्या हाडाचं फ्रॅक्चर, कॅन्सरसाठी घेतलेले किरणोपचार ही काही कारणं. पुष्कळदा कारण सापडतच नाही. धार बारीक होते, कुंथावं लागतं, लघवी साठून राहते. आणि बाई मात्र ‘इन्फेक्शन’च्या गोळ्या घेत राहते.

निदान झालंच, तर बहुतेकदा भूल देऊन सळईने नळी ताणून रुंद करतात. सोपं, झटपट. पण ताणलेलं अस्तर फाटतं, तिथे व्रण धरतो, व्रण आकसतो आणि नळी पुन्हा अरुंद. वारंवार ताणणं हेच कधीकधी दुखण्याचं कारण होऊन बसतं! २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ताणण्याचं यश ४७ टक्के, तर तोंडातलं अस्तर लावलेल्या शस्त्रक्रियेचं ९४ टक्के दिसलं. अर्थात शस्त्रक्रियेच्या रुग्ण थोड्या होत्या आणि त्यांच्यावर लक्षही कमी काळ ठेवलं होतं, हे विसरून चालणार नाही.

शस्त्रक्रियेत अरुंद भाग उभा चिरून उघडतात आणि त्या फटीत गालाची पट्टी शिवतात. वरच्या बाजूने गेलं तर योनिलिंगाच्या नसा सांभाळाव्या लागतात, खालून गेलं तर योनीत छिद्र राहण्याची धास्ती. लघवी रोखणारा स्नायू दोन्हीकडे जपायचा असतो. त्यानंतर दोन-तीन आठवडे कॅथेटर. पुरुषांच्या लांबलचक अरुंद मूत्रमार्गासाठी गालाचंच अस्तर वापरणारी पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णींची पद्धत जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्या मानाने बायकांच्या दुखण्याकडे लक्ष उशिराच गेलं.

एकदा नळी ताणूनही त्रास उलटला असेल, तर पुन्हा ताणून घेण्याआधी डॉक्टरांना धारेचा वेग मोजायला सांगा. ही तपासणी दुखत नाही. यंत्र लावलेल्या भांड्यात लघवी करायची, एवढंच.