स्थळकाळ आणि शैली शिकवताना

‘कथेचे स्थळ कोणते?’ या प्रश्नाला विद्यार्थी गावाचे नाव लिहितात आणि गुण मिळवतात. खरा अभ्यास त्यापुढे सुरू होतो. ते स्थळ आणि तो काळ पात्रांना काय करू देतात, काय करू देत नाहीत, हे त्यांना शोधायला लावले पाहिजे.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) यासाठी फार मोलाची. औंध संस्थानातली, माणदेशातली धनगरांची वाडी. तरुण मास्तर शाळा चालवायला येतो, पण वाडीचे सारे जगणे मेंढरांवर. पुढे दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते. पावसाचे न येणे इथे केवळ वर्णनापुरते नाही. कथानकच त्यावर उभे आहे. हीच गोष्ट श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’मधल्या कोकणात नेली तर काय उरेल, असे वर्गात विचारावे. शेवट टिकत नाही, हे मुलांच्या चटकन ध्यानात येते.

शैली शिकवणे अवघड. ‘भाषा ओघवती आहे’ हे गाइडमधले उत्तर कोणत्याही पुस्तकाला चालते, म्हणून ते निरुपयोगी. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) पांडुरंग सांगवीकर स्वतःच आपली हकिगत सांगतो. त्यातला एखादा परिच्छेद तृतीयपुरुषात लिहून बघायला सांगावे. मजकूर तोच राहतो, पण बोलण्यातला तिरकसपणा गळून पडतो. तो नेमका कोणत्या शब्दापाशी गळला, तिथे विद्यार्थ्याने पेन्सिलीने खूण करावी.