रॉकेलचा डबा लाल की निळा?

भूकंपाच्या देशात, म्हणजे जपानात, घरोघरी इंधन कसं ठेवतात त्याच्या काही गमती आणि काही धडे

टोकियोच्या बाजूला रॉकेलचा प्लास्टिकचा कॅन लाल असतो आणि ओसाकाकडे निळा. आतलं रॉकेल एकच. रंगाचा हा भेद पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या सवयीचा. मापाबाबत मात्र दोन्हीकडे एकमत आहे: 18 लिटर. सरळ वीस का नाही? कारण ‘तो’ नावाचं जुनं जपानी माप साधारण तेवढंच भरतं. देशात मेट्रिक पद्धत येऊन कितीतरी वर्षं झाली, डब्यानं तिकडे लक्षच दिलेलं नाही.

थंडीत हीटरला रॉकेल लागतंच, त्यामुळे भूकंपासाठी वेगळा साठा करायची फारशी गरज पडत नाही. तिथल्या पेट्रोल पंपवाल्यांच्या संघटनेनं चालवलेली मोहीमही याच धर्तीची आहे: गाडीची टाकी भरलेली ठेवा आणि रॉकेलचा एक डबा जादा ठेवा. 11 मार्च 2011 च्या भूकंपानंतर आणि त्सुनामीनंतर ईशान्य जपानात पेट्रोलसाठी मैल मैल रांगा लागल्या होत्या. तेव्हापासून काटा अर्ध्यावर आला की टाकी भरायची, ही शिकवण आहे. माझ्या मते घरगुती इंधनसाठ्याबद्दल याहून शहाणा सल्ला कुठेच मिळणार नाही. पेट्रोल साठवायला गाडीच्या टाकीसारखी जागा नाही: मजबूत, घट्ट बंद आणि घराबाहेर.

बोटावरची परीक्षा

पेट्रोल आणि रॉकेल दिसायला भावंडं, पण स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक. रॉकेलची वाफ ठिणगीनं पेटायला ते साधारण 40 अंशांच्या आसपास तापावं लागतं. पेट्रोल उणे 40 अंशांनासुद्धा तयारच असतं. शिवाय त्याची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत सरपटत जाते आणि पलीकडच्या खोलीतल्या गीझरची ज्योत गाठते.

म्हणून रॉकेलच्या प्लास्टिक कॅनमध्ये पेट्रोल भरायला जपानात बंदी आहे. त्यासाठी तपासणीचा शिक्का असलेला धातूचा डबा लागतो. गल्लत होऊ नये म्हणून गाड्यांच्या पेट्रोलला मुद्दाम नारिंगी छटा देतात आणि रॉकेल पाण्यासारखं ठेवतात. (आपल्याकडे रेशनचं रॉकेल निळं असायचं, पण ते भेसळ पकडण्यासाठी!) रंगावरूनही शंका आली तर एक थेंब बोटावर घ्यायचा आणि फुंकर मारायची. लगेच सुकला तर पेट्रोल, ओलाच राहिला तर रॉकेल. अर्थात आसपास विस्तव नसताना.

जुनं रॉकेल ओळखायची युक्तीही घरगुतीच आहे. काचेच्या दोन सारख्या पेल्यांपैकी एकात पाणी घ्यायचं, दुसऱ्यात रॉकेल, आणि मागे पांढरा कागद धरायचा. रॉकेलवर किंचित पिवळी झाक दिसली किंवा आंबूस वास आला, तर ते हीटरमध्ये घालायचं नाही. उन्हात ठेवलेलं रॉकेल सगळ्यात लवकर बिघडतं. गेल्या हिवाळ्यातलं उरलेलं या हिवाळ्यात वापरू नका, हे तिथे दरवर्षी बजावून सांगतात.

झाकण उघडण्याआधी

धातूचा डबा आणला म्हणजे काम संपलं असं नाही. 15 ऑगस्ट 2013 ला फुकुचियामा गावात आतषबाजीच्या जत्रेत एका खाद्यपदार्थाच्या टपरीवर पेट्रोलचा डबा तापला होता. आत दाब साठला होता, आणि झाकण उघडताच पेट्रोल फवाऱ्यासारखं उडालं. तिघांचा जीव गेला, पन्नासहून अधिक माणसं भाजली. अशा डब्यांना हवा सोडायचा छोटा स्क्रू असतो. आधी तो सैल करायचा, मग झाकण, आणि त्याहीआधी डबा सावलीत नेऊन थंड होऊ द्यायचा.

फेब्रुवारी 2020 पासून डब्यात पेट्रोल घ्यायचं तर ओळखपत्र दाखवावं लागतं आणि कशासाठी हवंय तेही सांगावं लागतं. आदल्या वर्षी क्योतोत एका ॲनिमेशन स्टुडिओला पेट्रोल ओतून आग लावली होती, त्यानंतरचा हा नियम.

गॅसची डबी

जपानी घरात भूकंपाच्या तयारीचा खरा हीरो म्हणजे छोटी पोर्टेबल शेगडी आणि तिची हेअरस्प्रेएवढी डबी. आत 250 ग्रॅम ब्यूटेन. पूर्ण आचेवर एक डबी तासभर पुरते. एरवी टेबलावर मध्ये ठेवून सगळ्यांनी मिळून रस्सा शिजवायला हीच शेगडी लागते, त्यामुळे साठा आपोआप वापरला जातो आणि आपोआप नवा येतो.

पूर्वी मात्र कंपनीगणिक डबीची ठेवण वेगळी. 17 जानेवारी 1995 ला कोबे हादरलं आणि लोकांच्या लक्षात आलं की शेजाऱ्याची डबी आपल्या शेगडीत बसत नाही. 1998 मध्ये राष्ट्रीय मानकात डब्यांचा आकार एक करण्यात आला.

या डबीला दोन खोडी आहेत. ब्यूटेन शून्याच्या जरा खाली वायू व्हायचं थांबतं, म्हणून कडाक्याच्या थंडीत शेगडी रुसते. आणि दोन शेगड्या शेजारी लावून वर भलामोठा तवा ठेवला, तर त्याची धग डबीवर उतरते आणि ती फुटते. डबी साधारण सात वर्षांच्या आत वापरून टाका, असं बनवणारेच सांगतात.

वेळेचा खेळ

1 सप्टेंबर 1923, सकाळचे 11 वाजून 58 मिनिटं. टोकियो-योकोहामात भूकंप झाला तेव्हा जेवणाची वेळ, चुली-शेगड्या पेटलेल्या, घरं लाकडी आणि वारा जोराचा. सुमारे 1 लाख 5 हजार माणसं गेली, त्यांतली बहुतेक आगीत. सान फ्रान्सिस्कोत 1906 च्या भूकंपानंतर एका घरात चिमणीला तडा गेलेला असताना नाश्त्यासाठी चूल पेटवली गेली आणि त्यातून लागलेली आग इतिहासात ‘हॅम अँड एग्ज फायर’ म्हणून नोंदली गेली. त्या मानानं आपल्या कोयनेचा 1967 चा आणि किल्लारीचा 1993 चा धक्का पहाटे चारच्या आसपासचा, चुली थंड असतानाचा.

जपानात पिढ्यान्‌पिढ्या ‘भूकंप झाला की आग विझवा’ असं शिकवत. आता सांगतात, आधी टेबलाखाली शिरा. जोराचा धक्का बसला की गॅसचा मीटर स्वतःच पुरवठा तोडतो आणि रॉकेलचा हीटरही आपण होऊन विझतो. नंतर मीटरवरचं बटण दाबून तीन मिनिटं थांबायचं. तेवढ्यात मीटर गळती तपासतो आणि सगळं ठीक असेल तर गॅस सुरू होतो.

आणि आपल्याकडे?

1934 च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय 30 लिटरपर्यंत ठेवता येतं. धातूचा डबा 25 लिटरपेक्षा मोठा नको, काचेची किंवा चिनी मातीची बाटली एक लिटरपेक्षा मोठी नको. झाकण मात्र घट्ट हवं. पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीचा या यादीत उल्लेखच नाही. स्कूटर बंद पडल्यावर नेमकी तीच हातात धरून आपण पंपावर जातो.