शाल कोणाच्या खांद्यावर, झेंड्याची दोरी कोणाच्या हाती?

एप्रिल जवळ आला की गोंदिया जिल्ह्यातल्या छापखान्यांना दम घ्यायला फुरसत नसते. तिरोड्यापासून सालेकशापर्यंत आणि आमगावपासून अर्जुनी मोरगावपर्यंत प्रत्येक विहार समितीची, प्रत्येक जयंती मंडळाची पत्रिका निघते. माझ्या टेबलावर या दिवसांत पक्षकारांच्या फायलींपेक्षा पत्रिकाच जास्त असतात. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, ध्वजारोहक, प्रमुख मार्गदर्शक, विशेष अतिथी आणि शेवटी सत्कारमूर्ती! परवा एका पत्रिकेतली नावे मी मुद्दाम मोजली. एकेचाळीस भरली. त्यांत बायांची नावे तीन, आणि तीही अगदी तळाशी, 'विनीत' या शब्दाखाली. बाकीच्यांपैकी निम्म्यांच्या नावापुढे काही ना काही पदवी होती: समाजभूषण, समाजरत्न, धम्मरत्न. ही रत्ने कोणत्या खाणीतून निघाली, ते विचारायची सोय नाही.

हे मी कुणाची टिंगल करण्यासाठी लिहीत नाही. माझ्यावरच वेळ आली म्हणून लिहितो आहे. गेल्या महिन्यात आमच्या जिल्ह्यातल्या एका गावची दोन तरुण पोरे कोर्टात मला भेटायला आली. जयंतीच्या दिवशी मला 'समाजभूषण' पुरस्कार द्यायचा आणि सकाळचे धम्मध्वजारोहणही माझ्याच हस्ते करायचे, असे मंडळात ठरले होते. का? तर त्या गावच्या अॅट्रॉसिटीच्या खटल्यात पीडितेच्या वतीने मी उभा होतो आणि आरोपींना शिक्षा झाली म्हणून.

पोरे चांगली आहेत. अभ्यासिका चालवतात, वर्गणीचा हिशेब फळ्यावर लिहितात. मी त्यांना एवढेच विचारले, ज्या बाईने फिर्याद दिली तिचे नाव पत्रिकेत कुठे आहे?

दोघेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. मग एक जण म्हणाला, "साहेब, तिले बोलावलं तर गावात पुन्हा वाद होते ना. आता कुठं शांत झालं आहे."

वाचकहो, मी या उत्तरावर अनेक दिवस विचार करतो आहे. ती बाई रोवणीच्या हंगामातही पेशीला हजर असायची. एक पेशी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. गावात तिला कामावर बोलावणे बंद झाले, तेव्हा ती दुसऱ्या गावच्या धुऱ्यावर कामाला गेली. तिची उलटतपासणी दोन दिवस चालली. मी काय केले? मी माझा धंदा केला. काळा कोट घालून सावलीत उभा राहिलो. आणि शाल मात्र माझ्या खांद्यावर!

आता थोडे कायद्याचे बोलतो. भारतीय संविधानाचे कलम १८ आपल्या भाषणांत फारसे येत नाही. कलम १७ अस्पृश्यता गाडते, ते आपल्याला पाठ आहे. त्याला लागूनच कलम १८ आहे: सैनिकी किंवा विद्याविषयक मानचिन्ह वगळता राज्य कोणताही किताब देणार नाही. इंग्रजांनी रायबहादूर, रावसाहेब अशी किताबांची पेरणी करून माणसे विकत घेतली होती, तो इतिहास ताजा होता. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये या अनुच्छेदावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी एक मुद्दा मांडला. किताब न स्वीकारणे हा नागरिकाचा हक्क नाही, ते त्याच्यावरचे कर्तव्य आहे, नागरिक म्हणून राहण्याची ती एक अट आहे. ती मोडणाऱ्याला काय शिक्षा द्यायची ते संसद ठरवू शकेल आणि नागरिकत्व जाणे हीही त्यातली एक असू शकेल, असे ते म्हणाले. जन्माने चिकटलेली उच्चनीचता १७ व्या कलमाने काढायची आणि १८ व्याने नवी उच्चनीचता सरकारी शिक्क्याने जन्माला येऊ द्यायची नाही. ही दोन कलमे शेजारी आहेत, त्यातच त्यांचा अर्थ आहे.

पुढे १९५४ साली भारतरत्न आणि पद्म पुरस्कार सुरू झाले. १९७७ मध्ये जनता पक्षाच्या सरकारने ते बंद केले, १९८० मध्ये पुन्हा चालू झाले. बालाजी राघवन खटल्यात १५ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की हे पुरस्कार म्हणजे कलम १८ मधले किताब नव्हेत, मात्र ते नावाच्या मागे किंवा पुढे लावता येणार नाहीत. आता आपल्याच पत्रिका पाहा. 'भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर' असेच आपण छापतो. जो सन्मान त्यांना १९९० साली, महापरिनिर्वाणानंतर ३४ वर्षांनी मिळाला, तो त्यांच्या नावाआधी कशाला? 'बाबासाहेब' ही लोकांनी दिलेली हाक आहे, ती कुठल्याही राजपत्रात प्रसिद्ध झालेली नाही. तिच्यापुढे दुसरे काही लावण्याची गरज मला तरी वाटत नाही.

सरकारही याला अपवाद नाही. दादासाहेब गायकवाड यांना १९६८ मध्ये पद्मश्री मिळाली. भूमिहीनांच्या सत्याग्रहासाठी १९६४-६५ मध्ये याच दादासाहेबांच्या शब्दावर माणसे बायकापोरांसह तुरुंगात गेली होती. महाराष्ट्र शासनाने २००४ साली भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी सबळीकरण व स्वाभिमान योजना काढली आणि तिला त्यांचे नाव दिले, तेही 'पद्मश्री' लावून. चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर ओलिताची जमीन द्यायची, अशी ही योजना. आमच्या धानाच्या पट्ट्यात ज्याच्याकडे माजी मालगुजारी तलावाखालची जमीन आहे, तो ती विकायला काढत नाही. काढलीच तर सरकारी दरात देत नाही. नाव मोठे लागले, सात-बारा कोरा राहिला. दादासाहेबांचा सन्मान फलकावर झाला काय आणि न झाला काय, त्यांना सात-बारावर आपले नाव पाहायचे होते.

शासनाचा दलितमित्र पुरस्कारही आठवा. १९७१-७२ पासून तो सुरू झाला. एस.टी.च्या प्रवास सवलतीच्या यादीतही दलितमित्र असत. पुढे त्याचे नाव बदलून डॉ. बाबासाहेब आंबेडकर समाजभूषण पुरस्कार झाले. जुन्या नावातच मेख होती: मित्र म्हटला की तो बाहेरचा, आणि आपण मैत्रीचे मोहताज. नाव बदलले हे बरे झाले. या पुरस्काराच्या मानकऱ्यांत आयुष्य झिजवलेले कार्यकर्ते आहेत, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण प्रस्ताव कसा करावा लागतो? स्वतःच स्वतःच्या कार्याची कात्रणे लावायची, छायाचित्रे जोडायची, पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणायचा. ज्या कार्यकर्त्याने मोर्चात गुन्हा अंगावर घेतला, त्याचा दाखला अडतो. म्हणजे ज्याने काम केले त्याच्या कामाचीच त्याला अडचण!

पण सरकारी सन्मानाचा सर्वांत भीषण नमुना आपल्या दाराशी आहे, आणि त्याविषयी आपण फार कमी बोलतो. १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगाव समित्या झाल्या. जुने तंटे मिटवायचे आणि नवे निर्माण होऊ द्यायचे नाहीत, मग गावाला लोकसंख्येप्रमाणे रोख पुरस्कार. बांधाचे, भावकीचे भांडण गावात मिटले तर कोणाला नको आहे? गरिबाचा कोर्टाचा खर्च वाचतो, हे मी वकील असूनही मान्य करतो. परंतु 'नवे तंटे होऊ द्यायचे नाहीत' याचा अर्थ गावात काय झाला? आमच्या वस्तीवरचा माणूस ठाण्यात जायला निघाला की चार प्रतिष्ठित त्याच्या दारात. "काऊन बाबू, गावाचं बक्षीस घालवतं काय?" ही वाक्ये मी पक्षकारांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहेत की मला ती पाठ झाली आहेत. अॅट्रॉसिटीचा गुन्हा तडजोडपात्र नाही. समितीला तो मिटवण्याचा अधिकार नाही. म्हणून तो मिटवण्यापेक्षा दाखलच होऊ न देणे सोपे. मारणाऱ्याने मारले तेव्हा गावाची अब्रू गेली नाही. मार खाणाऱ्याने कागद केला तेव्हा गेली.

आणि खैरलांजी! मोहाडी तालुक्यातले हे गाव. १ मे १९९९ पर्यंत गोंदिया आणि भंडारा हा एकच जिल्हा होता, म्हणून खैरलांजी दुसऱ्या जिल्ह्यात आहे असे म्हणून आम्हाला हात झटकता येत नाहीत. २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा भोतमांगे, प्रियंका, सुधीर आणि रोशन यांना गावाने मारले. सुरेखाताईंनी काय केले होते? आपली शेती सोडली नाही आणि सिद्धार्थ गजभिये यांना झालेल्या मारहाणीच्या प्रकरणात आरोपी ओळखून दाखवले. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, परंतु अॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीची शिक्षा २५ वर्षांच्या कारावासावर आणली, आणि तिथेही अॅट्रॉसिटी लागली नाही. त्याच २०१० साली याच खैरलांजीला तंटामुक्त गावाचा पुरस्कार मिळाला!

खरेच आहे म्हणा. जे घर तक्रार करत होते, ते घरच उरले नव्हते. भैयालाल भोतमांगे न्यायासाठी फिरत राहिले आणि २० जानेवारी २०१७ रोजी गेले.

त्या पुरस्कारावर आपण संतापलो, ते योग्यच होते. पण "साहेब, आता कुठं शांत झालं आहे" हे त्या पोराचे वाक्य ऐकले तेव्हा माझ्या मनात तोच पुरस्कार आला. फरक एवढाच की तो शासनाने दिला होता आणि हा आपण देणार होतो. फिर्यादीला बाजूला ठेवून वकिलाचा सत्कार म्हणजे गावालाही वाईट वाटू नये आणि आपणही काही केल्यासारखे दिसावे. चळवळीच्या मंचावर तंटामुक्ती!

मानाच्या कामांचेही तसेच. अॅट्रॉसिटी नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती असते. तीन महिन्यांतून किमान एकदा बैठक, अशासकीय सदस्यांत आपली माणसे. हे कामाचे पद आहे: किती प्रकरणांत अर्थसाहाय्य मिळाले, किती दोषारोपपत्रे रखडली, साक्षीदारांना प्रवासभत्ता मिळतो की नाही, हे विचारायचे. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचे कलम १५-क आले आहे, त्याचा जाब मागायचा. पण आपल्यातले कित्येक जण ते पद व्हिजिटिंग कार्डावर छापण्यापुरते घेतात. तसेच विहारात. रोज पहाटे झाडू मारणारी, पाणी भरणारी, वंदना घेणारी उपासिका वर्षभर विहार चालवते आणि ध्वजारोहणाच्या दिवशी दोरी हातात घ्यायला गोंदियाहून गाडी येते. तिच्या वाट्याला पाहुण्यांचे चहापाणी. समता सैनिक दलाच्या मानवंदनेतही मुली मागच्या रांगेत, का बरे? (आणि बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या मंचावर शालीबरोबर ते श्रीफळ कशाला, हे एकदा कुणीतरी मला समजावून सांगावे. त्या पैशात दोन वह्या येतात.)

जुनी माणसे १९५४ ची पोटनिवडणूक सांगतात. भंडारा मतदारसंघ, त्यात आपला हा सगळा भाग होता. बाबासाहेब स्वतः राखीव जागेवर उभे होते. मतदाराला दोन मते असत. दुसरे मत कुणालाच न देता वाया घालवा, म्हणजे साहेब निवडून येतील, असा हिशेब कार्यकर्त्यांनी मांडला. बाबासाहेबांनी नकार दिला. संविधान लिहिणाऱ्यानेच मत वाया घालवायला सांगायचे? दोन्ही मते द्यायला त्यांनी सांगितले. अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. या जिल्ह्याच्या मातीने त्यांना निवडणुकीत पाडले आहे. त्याच मातीत आज गावोगाव त्यांचा पुतळा आहे, आणि पाडणाऱ्यांचे वारस त्याच पुतळ्याला हार घालायला रांगेत सर्वांत पुढे असतात. पराभव पत्करून त्यांनी जे राखले, त्याला कोणता पुरस्कार द्यायचा?

मी त्या पोरांना पुरस्कार नको म्हणून सांगितले. भाषणाला येईन, स्वतःच्या खर्चाने येईन, मंचाखाली बसेन. मात्र धम्मध्वजाची दोरी त्या बाईच्या हातात द्या, आणि पत्रिकेत तिचे नाव पूर्ण छापा, 'श्रीमती अमुक, फिर्यादी' असे. आरोपींच्या घरचे लोक पत्रिका वाचणारच आहेत, वाचू द्या. गावात वाद झाला तर त्या दिवशी मी तिथे असेनच, आणि वकीलपत्राचा कोरा कागदही बरोबर असेल.

पोरांनी होही म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. मंडळाची बैठक घेतो म्हणाले. नंतर कळले की बैठक दोनदा झाली आणि दोन्ही वेळा रात्री बारापर्यंत चालली. दुसऱ्या बैठकीला वस्तीवरच्या बायाही न बोलावता येऊन बसल्या. पत्रिका छापायला द्यायची परवा शेवटची तारीख आहे. बाकी सगळा मजकूर जुळवून झाला आहे, ध्वजारोहकाच्या नावाची जागा तेवढी अजून कोरी आहे.