गिऱ्हाईक खरं, प्रश्न खरा

प्रश्नाधारित शिक्षण : आधी प्रश्न, मग त्यासाठी लागेल तो अभ्यास. सुरुवात १९६९, मॅकमास्टर विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय, हॅमिल्टन, कॅनडा. प्रकल्पाधारित शिक्षणात शेवटी वस्तू किंवा काम हातात यावे लागते. प्रश्नाधारित शिक्षणात प्रश्नाची उकलही पुरते.

खरा ग्राहक : काम सांगणारा शाळेबाहेरचा. शेतकरी, दुकानदार, ग्रामपंचायत. काम पसंत पडले की नाही हे तोच ठरवतो.

जवळचे उदाहरण, पाबळ (ता. शिरूर) : विज्ञान आश्रम, स्थापना १९८३, संस्थापक डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट घेतलेला हा शास्त्रज्ञ मुद्दाम खेड्यात येऊन राहिला. ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय इथूनच राज्यातील शाळांत पोहोचला : आठवी ते दहावी, आठवड्यातून एक दिवस. विभाग चार : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. मुले गावाला सेवा देतात. वेल्डिंग, वायरिंग, माती परीक्षण अशी कामे, आणि त्यांचा हिशेबही मुलेच मांडतात. हिशेब हा अभ्यासाचाच भाग.

परदेशी धागा : २००२मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब (संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळा) सुरू झाली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ही एक.

बारामती : अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट, स्थापना १९७१. ऑक्सफर्ड विद्यापीठ व मायक्रोसॉफ्टसोबत ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रकल्प. हा शालेय उपक्रम नव्हे. प्रश्न मात्र बांधावरचाच : पाणी, खत, कीड.