खरेदीखत आणि कबुलायत

खरिपाच्या तोंडावर, पहिला पाऊस पडून रानाला वाफसा येण्याच्या बेतात असताना, कृषी सेवा केंद्रापुढे रांगेत उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला हवे असते डी.ए.पी.चे पोते, परंतु त्या पोत्याबरोबर त्याने न मागितलेली, आणि त्याच्या जमिनीला कदाचित नकोच असलेली, सूक्ष्म अन्नद्रव्यांची एखादी बाटली पदरात घेतल्यावाचून ते पोते दुकानाबाहेर पडत नाही. या प्रकाराला आपल्या खेड्यापाड्यांतून ‘लिंकिंग’ असे नाव पडले असून तो शब्द आता तिफण आणि कुळव यांच्याइतकाच शेतकऱ्याच्या तोंडी रुळलेला आहे. खत नियंत्रण आदेश, १९८५ आणि अत्यावश्यक वस्तू अधिनियम यांचा हवाला देऊन शासन विक्रेत्यांना ताकीद देते, वर्तमानपत्रे बातम्या छापतात, शेतकऱ्यांच्या संघटना तक्रारी गुदरतात. तेव्हा हे दुखणे हटले नसले तरी ते दुखणे आहे, एवढे तरी सर्वमान्य झालेले आहे.

शहरातला शिकलेला माणूस, जो भाजी घेताना चार गाड्यांवर भाव विचारतो, तो संगणकाच्या दुकानात मात्र याच जातीचे लिंकिंग निमूटपणे पत्करतो, आणि त्याला तसे नावही देत नाही. काही वर्षांपूर्वी मी लॅपटॉप घ्यावयास गेलो असता दुकानदारास म्हटले, की यातली ऑपरेटिंग सिस्टीम मला नको, नुसते यंत्र द्या आणि तिची किंमत वजा करा. तो सज्जन गृहस्थ होता. “साहेब, तसं येत नाही,” तो म्हणाला, “कंपनीकडूनच भरून येतं.” हातात पडलेल्या पावतीवर मॉडेल, अनुक्रमांक, कर आणि एकूण रक्कम एवढाच मजकूर होता, यंत्राचे किती आणि प्रणालीचे किती, याचा उलगडा करणारी एकही ओळ तीत नव्हती. जिची किंमत आपल्याला सांगितली गेली नाही, जी नाकारण्याची सोय ठेवलेली नाही, तिची आपण ‘निवड’ केली असे म्हणणे भाषेच्या दृष्टीनेही प्रामाणिक नव्हे, असे मला त्या दिवशी वाटले आणि आजही वाटते.

हे असे मुळापासून नव्हते. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आय.बी.एम.ने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तेव्हा प्रणाली ही स्वतंत्रपणे विकत घ्यावयाची वस्तू होती. मायक्रोसॉफ्टने पुरविलेल्या डॉसची किंमत ४० डॉलर, तर पुढे काही महिन्यांनी आलेल्या सी.पी./एम.-८६ ची २४० डॉलर, आणि तिसराही एक पर्याय यादीत होता. किमतीतील एवढ्या तफावतीमुळे बहुतेकांनी डॉस घेतली यात नवल नाही. पण ती घेतली गिऱ्हाईकाने, स्वतः खिशात हात घालून. मायक्रोसॉफ्टची दूरदृष्टी अशी, की ही प्रणाली इतर कारखानदारांना देण्याचा हक्क तिने आय.बी.एम.शी केलेल्या करारात आपल्याकडे राखून ठेवला, आणि आय.बी.एम.सारखीच यंत्रे बनविणारे कारखाने जसजसे निघत गेले तसतशी गिऱ्हाईकाने करावयाची खरेदी कारखानदार आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यातल्या करारात आधीच होऊन जाऊ लागली. निवडीचा क्षण दुकानातून उठून त्या दोघांच्या बैठकीत गेला, आणि त्या बैठकीस गिऱ्हाईकाला बोलावणे नव्हते.

या करारांपैकी एक प्रकार विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. कारखानदाराने ठरावीक जातीच्या प्रोसेसरवर चालणारी जेवढी यंत्रे विकली असतील तेवढ्या सर्वांमागे मायक्रोसॉफ्टला रक्कम भरावयाची, मग एखाद्या यंत्रात तिची प्रणाली घातलेली असो वा नसो. त्याच्या बदल्यात दरात सवलत मिळावयाची. म्हणजे डिजिटल रिसर्च या प्रतिस्पर्धी कंपनीची डी.आर. डॉस ही प्रणाली घालून यंत्र विकणाऱ्याला तिचे मोल तर द्यावे लागेच, शिवाय न घातलेल्या प्रणालीची जकातही भरावी लागे. अशा स्थितीत दुसरी प्रणाली चांगली की वाईट हा प्रश्नच उरत नाही. ती फुकट दिली तरी महाग पडते. अमेरिकेच्या न्याय विभागाने जुलै १९९४ मध्ये याविरुद्ध फिर्याद दाखल केली, त्याच वेळी तडजोडीचा मसुदा पुढे आला, आणि पुढल्या वर्षी न्यायालयाची मान्यता मिळून ही पद्धत बंद झाली. परंतु तोवर बाजाराचा प्रवाह एकाच पात्रातून वाहू लागला होता, आणि करारातले कलम खोडले म्हणून लोकांची वहिवाट बदलत नाही.

बी नावाच्या लहानशा कंपनीची कथा मला या सगळ्या इतिहासात सर्वांत उद्बोधक वाटते. ॲपलमधून बाहेर पडलेल्या झाँ-लुई गासे यांनी ती काढली. तिची बीओएस ही प्रणाली वेगवान आणि त्या काळाच्या मानाने पुष्कळ पुढारलेली होती. हिताची कंपनीने जपानात आपल्या काही यंत्रांत विंडोजच्या बरोबरीने बीओएसही भरली. पण यंत्र सुरू होताना ‘यांपैकी कोणती हवी?’ असे विचारणारा पडदा मात्र त्यांत ठेवला नव्हता. वस्तू घरात आहे, तिचे दार मात्र बांधून काढलेले आहे, आणि घरमालकाला त्या खोलीची वार्ताच नाही, अशी ती अवस्था होती. बी कंपनी बुडाली. कारखानदारांशी केलेल्या करारांतून आपली वाट अडवली, असा आरोप करून तिने २००२ साली मायक्रोसॉफ्टवर दावा लावला, आणि २००३ मध्ये सुमारे २ कोटी ३२ लाख डॉलर घेऊन, कोणताही दोष कबूल करून न घेता, तो मिटला. ज्या गिऱ्हाइकांच्या यंत्रात ती खोली होती, त्यांचा या तहनाम्यात उल्लेख असण्याचे काही कारणच नव्हते.

आता दस्तऐवजाकडे वळू. यंत्राची पावती हे खरेदीखत होय. यंत्र आपले झाले. परंतु ते प्रथम सुरू करताना पडद्यावर जो लांबलचक मजकूर येतो आणि जो न वाचता आपण ‘मान्य आहे’ म्हणून पुढे जातो, ती खरेदी नव्हे. ती कबुलायत आहे. सॉफ्टवेअर विकलेले नसून त्याच्या वापराचा परवाना दिलेला आहे, असे तीत स्पष्ट लिहिलेले असते, आणि यंत्राबरोबर आलेला परवाना सामान्यतः त्या एका यंत्राशीच जखडलेला असतो. जमीन कसणाऱ्याला कबुलायतीतून सोडवून मालक करण्यासाठी या प्रांताने १९४८ साली कूळ कायदा केला. त्याच प्रांतातले आपण आपल्या मेजावरील यंत्रात कूळ होऊन राहतो आणि तसे झाल्याचे आपल्या गावीही नसते.

त्याच कबुलायतीत एक कलम असे असे, की अटी मान्य नसतील तर कारखानदाराशी संपर्क साधून परताव्याची चौकशी करावी. हे कलम कुणीतरी वाचले. १५ फेब्रुवारी १९९९ रोजी कॅलिफोर्नियातील फॉस्टर सिटी येथे मायक्रोसॉफ्टच्या कचेरीवर लिनक्स ही मुक्त प्रणाली वापरणारी मंडळी आपापले न वापरलेले परवाने घेऊन गेली. परतावा त्या दिवशी मिळाला नाही; पण कलमाचा अर्थ कलमाप्रमाणे लावा, एवढीच मागणी करणारे ते शांत लोक मला आपल्याकडच्या सत्याग्रही परंपरेचे सोयरे वाटतात. पुढे फ्रान्समध्ये विन्सेंट देरू-ब्लांकार यांनी २००८ साली घेतलेल्या सोनीच्या लॅपटॉपमधील सॉफ्टवेअरचे पैसे परत मागितले. कंपनी सबंध यंत्र परत घ्यावयास तयार होती, पण केवळ सॉफ्टवेअरचा परतावा देण्यास नव्हती. हा वाद युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेला आणि ७ सप्टेंबर २०१६ रोजी निकाल लागला, की गिऱ्हाईकाला पूर्वकल्पना दिलेली असेल तर प्रणालीसह यंत्र विकणे ही स्वतःच अनुचित प्रथा ठरत नाही, आणि सॉफ्टवेअरची किंमत वेगळी न दाखविणे ही दिशाभूलही नव्हे. न्यायालयाचा आदर राखूनही मला हा निर्णय पटत नाही. बहुतेकांना तयार यंत्रच हवे असते हे खरे. परंतु बहुतेकांची सोय हे उरलेल्यांना किंमत न सांगण्याचे कारण कसे होऊ शकते?

आपल्या कायद्याची शब्दरचना या बाबतीत अधिक आशादायक आहे. एक वस्तू घ्यावयाची असेल तर आधी दुसरी घेतलीच पाहिजे अशी अट घालणारी व्यापारी रीत ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या व्याख्येनुसार निर्बंधक प्रथेत मोडते. भ्रमणध्वनींच्या बाबतीत भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, त्याच्या मुळाशीही अँड्रॉइडबरोबर स्वतःच्या सेवांची मोट कारखानदारांच्या गळ्यात बांधण्याचा प्रश्न होता. पण आयोग मोठ्या कंपन्यांच्या व्यवहाराकडे पाहतो. दुकानातल्या पावतीकडे पाहण्याचे काम गिऱ्हाईकाचेच.

आणि येथे आपल्या स्वतःच्या दोषाकडे डोळेझाक करून चालणार नाही. परदेशातल्या माणसाला जो पर्याय भांडून मागावा लागला, तो आपल्या बाजारात कित्येक वर्षे सहज मिळत होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वा पुण्याच्या तपकीर गल्लीत ‘डॉसवाला’ लॅपटॉप मागितला की विंडोजवाल्यापेक्षा स्वस्त यंत्र पुढे येई; त्यात फ्रीडॉस किंवा लिनक्स घातलेली असे. आम्ही त्या संधीचे काय केले? यंत्र घेतले आणि त्याच गल्लीतल्या पोराकडून ‘फॉरमॅट मारून’ विंडोजची चोरटी प्रत टाकून घेतली. ज्याला प्रणालीचे पैसे भरावयाचे नाहीत त्याने दुसरी प्रणाली वापरावी, हा सरळ मार्ग होता; आम्ही पैसेही भरले नाहीत आणि वहिवाटही सोडली नाही. चोरट्या प्रतीने मक्तेदारीचे नुकसान होते हा गैरसमज आहे. ती मक्तेदारीची मुळे अधिक खोल नेते, कारण पुढली सगळी पिढी त्याच प्रणालीवर हात बसवून तयार होते. सरकारी नोकरीसाठी लाखो मराठी मुलांनी जो एम.एस.-सी.आय.टी.चा अभ्यासक्रम केला, त्याचाही कणा विंडोज आणि ऑफिस हाच राहिला. केरळाने आपल्या शाळांत मुक्त सॉफ्टवेअरची वाट धरली आणि २०१९ पर्यंत दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती सिद्ध केली, हे पाहिले म्हणजे आपण काय दवडले याची कल्पना येते.

परावलंबनाची किंमत मराठी लेखक-संपादकांना तर फार पूर्वीच कळावयास हवी होती. युनिकोड रुळण्याआधी आपले दिवाळी अंक ज्या फॉन्टांवर जुळविले जात, ते एकेका कंपनीच्या सांकेतिक रचनेत बंदिस्त असत, आणि संगणकाच्या पाठीमागे डोंगल नावाचे कुलूप खोचल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नसे. माझ्या जुन्या लेखांच्या काही धारिका आज उघडल्या तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा उमटतो. लेख माझे आहेत, शब्द माझे आहेत. पण ते वाचण्याची किल्ली ज्या यंत्राला लावली होती ते यंत्र भंगारात गेले.

भंगाराचा विषय निघालाच आहे, तर २०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर घडलेली गोष्ट सांगितली पाहिजे. जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिच्यानंतरच्या विंडोज ११ साठी टी.पी.एम. २.० ही सुरक्षा-सुविधा आणि तुलनेने नवे प्रोसेसर लागतात. त्यामुळे हिंडतीफिरती, धडधाकट यंत्रे केवळ या अटींत बसत नाहीत म्हणून निकाली निघण्याची पाळी आली. कॅनॅलिस या संस्थेने अशा यंत्रांचा अंदाज २४ कोटी असा वर्तविला होता. अटी सर्वस्वी अकारण आहेत असे मी म्हणत नाही. सुरक्षिततेचा युक्तिवाद वजनदार आहे, आणि एक वर्षाची वाढीव मुदतही देऊ करण्यात आली. परंतु चालत्या यंत्राचे आयुष्य यंत्राच्या मालकाने नव्हे तर प्रणालीच्या मालकाने ठरवावे, ही स्थिती मनाला बोचते. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२.३ टक्क्यांची रीतसर वासलात लागल्याची नोंद आहे. उरलेल्यातला किती दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांतून उघड्या हातांनी फोडला जातो, तांब्यासाठी तारा जाळल्या जातात, हे पाहिलेल्या माणसाला ‘नवीनच घेऊन टाका’ हा सल्ला हलका वाटणार नाही.

विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या अशा यंत्रांवर लिनक्स उत्तम चालते. अडचणी आहेत: एखादा प्रिंटर रुसतो, डिजिटल स्वाक्षरीचे उपकरण जुळत नाही, हिशेबाची प्रचलित सॉफ्टवेअरे विंडोजचीच सोबत मागतात. ज्याचा धंदा त्यांवर चालतो त्याने विंडोज विकत घ्यावी, रीतसर घ्यावी, त्यात कमीपणा नाही. पण ज्या घरात संगणकावर पत्रे लिहिली जातात, बातम्या वाचल्या जातात आणि नातवंडांची छायाचित्रे पाहिली जातात, तेथे या अडचणी क्वचितच आड येतात.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली आणि पुढल्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली, तेव्हा तिचे बळ कायद्यात नव्हते. कायदा तर १९८६ साली आला. घराघरांनी संघ करून एकत्र धान्य घ्यावे आणि भाव व प्रत एकमुखाने विचारावी, हे तिचे बळ होते. एकट्याने विचारलेल्या प्रश्नाला दुकानदार ‘तसं येत नाही’ म्हणतो; पन्नासांनी विचारला तर त्याला कंपनीकडे विचारणा करावी लागते. आपल्या शाळा, वाचनालये, पतपेढ्या आणि गृहनिर्माण संस्था दरसाल संगणक घेतात, पण यंत्राचे किती आणि प्रणालीचे किती, हा प्रश्न त्यांच्या दरपत्रकांत येत नाही.

मी ज्या लहानशा वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे, तेथे सहा संगणक घ्यावयाचे ठरले तेव्हा दरपत्रकाच्या नमुन्यात मी दोन रकाने आखावयास सांगितले: एक यंत्राचा, दुसरा ऑपरेटिंग सिस्टीमचा. आमचे लिपिक म्हणाले, “असं आजवर कुणी मागितलं नाही; कुणी भरणार नाही.” मुदतीअखेर तीन लिफाफे आले. दोघांनी दुसरा रकाना कोरा ठेवून तळाशी ‘एकत्रित दर’ असे लिहिले होते. तिसऱ्याने दोन्ही रकाने भरले होते.