गळाच्या माशीचा तोल

बुलढाणा जिल्ह्यात नळगंगेच्या जलाशयावर किंवा पैनगंगेच्या डोहाकाठी गळ टाकून बसायचं तर गांडूळ नाहीतर कणकेची गोळी पुरते. पावसाळ्याच्या गढूळ पाण्यात रोहू, मृगळ वासावरच आमिषापर्यंत येतात. हिवाळ्यात पाणी निवळलं की गोष्ट बदलते. मरळीसारखा शिकारी मासा आता डोळ्यांनीही नीट पारखतो, आणि पिसं, केस, दोरा गुंडाळून केलेल्या नकली माशीची खरी परीक्षा तिथे होते. ती बांधणारे बहुतेक जण सगळी मेहनत रंगावर घालतात. माझ्या मते ती तोलावर घालायला हवी. नेदरलँड्समध्ये ब्यूकेमा यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाइक हा शिकारी मासा धातूच्या फिरत्या आमिषाला एकदा अडकला की ते टाळू लागला, जिवंत आमिष मात्र घेत राहिला. मरळ पाइकच्या कुळातली नाही, पण दबा धरायची रीत तीच. बुजलेला मासा खाणं सोडत नाही, तो खोटं ओळखायला शिकतो.

आणि नकली माशीचं खोटं सर्वांत आधी तिच्या लटकण्यात दिसतं. तंगूस नेढ्यात बांधला की सारं वजन नेढ्याच्या मागे राहतं, शेपूट खाली जाते. जिवंत छोटा मासा मात्र पोटातल्या हवेच्या पिशवीवर आडवा तोललेला असतो. म्हणून नेढं वर वळवलेला गळ घेऊन त्याच्या दांडीला टाचणी बांधतात, ती नेढ्यापुढे काढतात आणि टोकाला टंगस्टनचा मणी ठेवतात. टंगस्टन पाण्याच्या १९ पट जड, शिसं ११ पट, म्हणून मणी बारीक असला तरी भागतं. पण हातात अगदी आडवी राहिलेली माशी पाण्यात नाक खाली घालते. मण्याचं वजन तिथे जेमतेम ५ टक्के घटतं, पोलादी गळाचं सुमारे १३ टक्के, पिसा-केसांचं जवळजवळ सगळंच. मागची बाजू हलकी पडते. त्यामुळे तोल पाहायचा तो काचेच्या पेल्यात, पिसं भिजवून, त्यांतली हवा बोटांनी दाबून काढल्यावर.

कुणी म्हणेल, शिकारी मासा कललेल्या, दुखणाईत माशावरच झडप घालतो, मग माशी आडवी कशाला? पण दुखणाईत मासा कलतो, सावरतो, पुन्हा कलतो. लटकलेली माशी एकाच कोनात थिजलेली असते. तोललेल्या माशीला तंगुसाचा हलका झटका दिला तर ती तराजूच्या दांडीसारखी झुलते आणि हळूहळू आडवी होते. गाठ आवळून नेढ्याच्या एका कडेला अडकली तर मात्र हे झुलणं बंद पडतं, म्हणून तिथे सैल फासच मारायचा.